कागदाची वरची बाजू

मी वाचायला शिकले ती ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांवर. आमच्या घरी शाळेच्या पुस्तकांना खाकी कव्हर कधी लागलं नाही. उरलेल्या पत्रकांचं लागायचं. गुलाबी, पिवळी, पातळ कागदाची पत्रकं. गणिताच्या पुस्तकावर सुताच्या टंचाईचा निषेध असायचा आणि भूगोलावर ‘विणकर बंधू-भगिनींनो, जागे व्हा’. वर्गात बाईंनी विचारलं तर मी मान ताठ करून सांगायचे, “हे माझ्या बाबांनी लिहिलंय.” पुढे काही महिने मला याच पत्रकांची लाज वाटली. आज त्या लाजेची लाज वाटते.

बाबा आंधळगावात कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात आणि विणकरांच्या संघटनेची पत्रकंही तेच लिहितात. छापण्याआधीची एक रीत आमच्याकडे आहे. ज्याच्याबद्दल पत्रक, त्याच्या घरी जायचं, त्याचा माग थांबवायचा आणि त्याला ते पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचं. त्याने “काटा” म्हटलं की ओळ खोडून टाकायची, कितीही चांगली साधलेली असली तरी. याला घरात शब्द होता : पत्रक कानावरून जाणं. मी मजकूर घेऊन भंडाऱ्याच्या प्रेसला निघाले की बाबा दारातच विचारायचे, “कानावरून गेलं का?” आणि वर हसून म्हणायचे, “कानावर नाई घालशील त कानाखाली खाशील.”

एकदाच ती रीत चुकली. एका विणकराचं भावाशी असलेलं भांडण पत्रकात आलं. तो माणूस लेकीकडे सानगडीला गेलेला, थांबायला वेळ नव्हता, म्हणून न वाचताच छापलं. तो परत आला त्याच संध्याकाळी बाबांनी पिशवी उचलली आणि घरोघर फिरून पत्रकं परत मागितली. मी सोबत होते. “ते पत्रक द्या, चुकलं आमचं,” एवढंच ते बोलायचे. लोकांनी खुंटीवरून, पोथीतून, डब्याच्या तळातून काढून दिली. जवळजवळ सगळी परत आली. माझ्या लहान डोक्यात तेव्हा एक गोष्ट पक्की बसली की लिहिलेलं परत घेता येतं.

मोठीमाय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. एकाच अंगणात आमची दोन घरं. ती दिवसभर कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसवायच्या छोट्या नळ्यांवर चरख्याने सूत गुंडाळते. पत्रक निघालं की बायकांपुढे ते वाचण्याचं काम तिचं. चौकात पाण्याच्या टाकीजवळ ती उभी राहायची. आधी चष्मा लावायची. कागद समोर धरायची, एक बोट ओळीवरून सरकवत न्यायची, आणि असं वाचायची की हंडे भरून झालेल्या बायकाही तिथून हलायच्या नाहीत. बाबा म्हणायचे, “मी लिवतो ते कागदावर निजून असते. वहिनी त्याले उठवून बसवते.”

मोठीमायला वाचता येत नाही. बाबा पत्रक वाचून दाखवायचे तेव्हा ती कांड्या भरत ऐकायची, आणि एकदा ऐकलं की तिला पुरायचं. स्वल्पविरामासकट पाठ. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आता माझं. घरात सगळ्यात तापट मीच. कॉलेजात असताना मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं, मोबाइलवर कोर्स विकणाऱ्यांविरुद्ध. मथळा होता ‘ज्ञान ही भाजी नाही’. मोहाडीच्या बसस्टँडवर मी ते भर उन्हात वाटलं, आणि घ्यायला कंटाळा करणाऱ्यांना थांबवून वाटलं. त्यानंतर दोन वर्षांनी मी त्याच भाजीबाजारात पिशवी घेऊन उभी होते.

कारण मला लेखक व्हायचं होतं. पुरवण्यांना पाठवलेले लेख परत येत नव्हते आणि छापूनही येत नव्हते. ‘लेखनातून करिअर’ असा तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स दिसला. रेकॉर्ड केलेले धडे, आठवड्यातून एकदा व्हिडिओवर थेट वर्ग, शेवटी प्रमाणपत्र. मी नाव नोंदवलं आणि घरी सांगितलं की स्पर्धा परीक्षेचा क्लास आहे. बाबा खूश झाले. गच्चीच्या जिन्यात रेंज चांगली येते. दुपारी तिथे बसून मी कानात इअरफोन घालायचे. खालून माय हाक मारायची, “झाला का वो तुया परीक्षेचा अभ्यास?” मी वरून “हो” म्हणायचे. एवढं खोटं मी त्याआधी एका तोंडाने कधी बोलले नव्हते.

कोर्स वाईट नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. शिकवणाऱ्या मॅडम मेहनती होत्या, प्रत्येकाचं लिखाण वाचायच्या. माझं पहिलं लिखाण वाचून त्या म्हणाल्या, “तुम्ही लिहिताना ओरडता हो. सगळ्यांना उद्देशून बोलता. यात माणूस कुठे आहे?” वर्गात तीसेक चौकटी होत्या, पुण्याच्या, नाशिकच्या, एक थेट कॅनडाची. त्यातल्या कोणीतरी चॅटमध्ये लिहिलं, ‘हे तर पत्रक झालं’, आणि खाली चार-पाच हसणारे चेहरे आले.

मी कॅमेरा बंद केला. त्या दिवसापासून माझ्या मागची भिंत दिसू नये म्हणून मी जिन्यातली जागा बदलली, कारण त्या भिंतीवर बाबांनी चिकटवलेलं जुनं पत्रक होतं. पुढच्या प्रत्येक लिखाणातून मी उद्गारचिन्हं वेचून काढली. ‘बंधू-भगिनींनो’ हा शब्द कुणी माझ्या नावावर लिहील की काय, अशी मला भीती वाटायची. वर्गात बोलताना ‘मले’ तोंडात आलं की मी ते गिळून ‘मला’ म्हणायचे, आणि त्या एका क्षणाच्या थांबण्याने वाक्य पडायचं.

शेवटचा गृहपाठ होता : जवळचा माणूस. त्या वर्गात मॅडम म्हणाल्या, “ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला विचारत बसलात तर तुम्ही कधीच लिहिणार नाही.” मी हे वाक्य वहीत उतरवलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. बाबांची रीत मला माहीत होती. त्याच वेळी आठवलीही होती. पण ती मला तेव्हा गावंढळ वाटली, पत्रकवाल्यांची. लेखकाचं काम वेगळं, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि मी मोठीमायवर लिहिलं.

मी नऊ वर्षांची असतानाची एक दुपार होती. टाकीजवळ मोठीमाय पत्रक वाचत होती आणि मी तिच्या पाठीमागे, तिच्या पदराला धरून उभी होते. पुढच्या बायकांना कागदाची मागची कोरी बाजू दिसत होती. मला छापील बाजू दिसली. अक्षरं डोक्यावर उभी होती. तिचं बोट एकेका उलट्या ओळीवरून सरकत होतं आणि तोंडातून सगळं बरोबर येत होतं. मी काही बोलले नाही. पुढची पंधरा वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही, आणि मग एका दुपारी जिन्यात बसून लिहून टाकलं. त्यातल्या एका ओळीवर मी स्वतःच खूश झाले : ‘कागद उलटा होता. शब्द सुलटे होते.’

लेखाच्या शेवटी मी पत्रकांचीच ओळ टाकली, जी बाबा प्रत्येक पत्रकाखाली लिहितात : ‘वाचून झाल्यावर फेकू नका, पुढच्याला द्या.’ कोर्समध्ये पहिल्यांदाच मी पत्रकातली गोष्ट न लाजता वापरली होती, कारण आता ती शोभेची होती.

मॅडमनी तो लेख सगळ्यांपुढे वाचला. त्या एका ओळीवर थांबल्या, परत वाचली. कॅनडाच्या बाई डोळे पुसत होत्या. लेख कोर्सच्या पानावर लागला. मी त्याची लिंक माझ्या स्टेटसला ठेवली, आणि ठेवताना घरातले सगळे नंबर त्यातून वगळले. बोटाने एकेक नाव निवडून वगळलं. चूक नकळत झाली असं मला म्हणताच येऊ नये, एवढ्या सावकाशीने.

लेखात नाव कोणाचं नव्हतं. पण गाव विणकरांचं होतं, टाकी होती, चष्मा होता, कांड्या होत्या. माझ्या एका मोहाडीच्या मैत्रिणीने तो कौतुकाने पुढे पाठवला आणि शेवटची ओळ लोकांनी मानली. वाचून झाल्यावर त्यांनी तो पुढच्याला दिला. तिसऱ्या दिवशी गावातल्या एका शिक्षिकेने तो आपल्या आवाजात वाचून बायकांच्या ग्रुपवर टाकला, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकता यावा म्हणून. तिचा हेतू माझ्यापेक्षा चांगला होता.

बाबांना कळलं तेव्हा ते मागावर होते. त्यांनी धोटा हातात धरून ठेवला.

“परीक्षेचा क्लास हाच होय?”

मी म्हटलं, “हो.”

“वहिनीच्या कानावरून गेलं होतं का?”

 उत्तराऐवजी मी भाषण केलं. मी म्हटलं की वाचता न येणं ही तिची लाज नाही, ज्यांनी तिला शाळेत घातलं नाही त्यांची आहे, या व्यवस्थेची आहे. आणि खरं लपवून ठेवण्यातच त्या व्यवस्थेचा फायदा असतो. यातला प्रत्येक शब्द मला आजही पटतो. म्हणूनच तो मी तेव्हा किती सोयीने वापरला ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. “मंग व्यवस्थेवर लिवाव. वहिनीवर काहून लिवलं?”

“मी नाव नाई लिवलं, बाबा.”

“घर लिवलं ना.” मग त्यांनी धोटा मागात टाकला आणि विणायला लागले. 

तेव्हा मला ती पिशवी आठवली. लिहिलेलं परत घेता येतं. मी मॅडमना निरोप पाठवला, त्यांनी लेख पानावरून काढला. मग मी गावात निघाले, घरोघर. दारात उभी राहून म्हणायचे, “तो लेख फोनमधून काढून टाका, चुकलं माझं.” बाबांच्या वेळी लोकांनी कागद काढून दिले होते. माझ्या वेळी ते फोन पुढे करून विचारायचे, “कोनता लेख वो? काय हाय त्यात?” ज्यांनी वाचला नव्हता त्यांनी माझ्यासमोर उघडून वाचला. एका घरी सासू-सून दोघींनी माझ्यासमोर तो आवाज पूर्ण ऐकला, आणि सासू म्हणाली, “चांगलं लिवलं ना वो तुनं. काढाले कायले सांगते?” अर्ध्या गल्लीत पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की लेख गावभर मीच फिरवतेय. मी घरी परतले.

 मोठीमाय अंगणात कांड्या भरत होती. मी चार दिवस तिच्या बाजूच्या दाराने ये-जा केली नाही, मागच्या दाराने केली. पाचव्या दिवशी तिनेच हाक मारली.

“इकडं ये. तुनं काय लिवलं म्हनतात माह्यावर. माह्या कानावरून घाल.”

मी फोन घेऊन तिच्यासमोर बसले. तिने चरखा थांबवला. मी वाचू लागले. माझा आवाज नीट होता. वाचनात आवाज कसा टिकवायचा याचाही एक धडा कोर्समध्ये होता. तिच्या कांड्या, तिचा चष्मा, हंडे घेऊन थांबलेल्या बायका, सगळं मी वाचलं. ती ओळ आली तेव्हा मी डोळे पुढच्या परिच्छेदावर नेले आणि तिथून पुढे वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. ‘पुढच्याला द्या’ पर्यंत.

मी ती ओळ तिला दुखू नये म्हणून गाळली, असं मी नंतर स्वतःला समजावून पाहिलं. ते खरं नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून मी गाळू शकले. जिच्या अडाणीपणावरून मी सगळ्या व्यवस्थेला जाब विचारला होता, त्याच अडाणीपणाचा फायदा मी तिच्यासमोर बसून घेतला.

 मोठीमाय म्हणाली, “एक ओळ गाळली तुनं.”

मी फोन खाली ठेवला.

“कागद उलटा होता. शब्द सुलटे होते,” ती म्हणाली. दोन वाक्यांच्या मधे थांबून, अगदी फोनवर त्या शिक्षिकेने वाचली होती तशी. “आयकलं मी फोनवर. शेजारनीनं लावलं होतं. ते कुठं गेलं?”

“मोठीमाय, चुकलं माझं.”

“मले वाचता येत नाई, हे गावाले माईत हाय. कोनाले माईत नसंन? मी कोन्या शाळेत गेली?” तिच्या आवाजात राग नव्हता. ती काहीतरी हिशेबाने समजून घेत असल्यासारखी बोलत होती. “पन कागद उलटा होता, हे मले माईत नव्हतं.”

मग तिने विचारलं, “तू मांगं उभी होती ना तवा?”

“हो.”

“मंग तवाच सांगाव ना, पोरी. मी सुलटा केला असता.”

 नऊ वर्षांची मी तेव्हा तिचा पदर धरून उभी होते. पदर ओढून कानात एक शब्द सांगितला असता की झालं असतं. मी तो शब्द पंधरा वर्षं राखून ठेवला आणि जिथे त्याला टाळ्या मिळाल्या तिथे खर्च केला. तेव्हापासून तिने किती पत्रकं उलटी धरली असतील, ते तिला माहीत नाही आणि मलाही नाही. तिच्या मागे मी पुन्हा कधी उभी राहिले नव्हते.

“लिवते मात्र चांगलं,” ती म्हणाली आणि चरखा सुरू केला. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोन पत्रकं निघाली. मोठीमाय टाकीजवळ आली नाही. मला वाचायला सांगितलं. मी वाचलं, स्पष्ट उच्चारात, योग्य जागी थांबून. बायकांनी हंडे भरले आणि निघून गेल्या. कोर्सचं प्रमाणपत्र याच दिवसांत आलं. पुढच्या कोर्सला सवलतीत घेऊ असा मॅडमचा निरोप आला, तो मी वाचून बंद केला. एका ओळखीच्या मुलीने नंतर सांगितलं की नव्या बॅचला चांगल्या ओळीचं उदाहरण म्हणून माझीच ओळ दाखवतात. मी मॅडमना तीही काढायला सांगितलं. त्यांनी “नक्की” म्हटलं. काढली की नाही, मी पाहिलेलं नाही.

तिसरं पत्रक मी लिहिलं. सुताच्या पुरवठ्याबद्दल होतं. बाबांनी ते वाचायला घेतलं आणि मग माझ्याकडे दिलं, “तूच घाल कानावरून.” मी मागाजवळ बसून वाचलं. मोठीमाय नेहमीच्या जागी कांड्या भरत होती. एका वाक्यात मी तीन विशेषणं ओळीने लावली होती. तिथे ती खाली मान घालूनच म्हणाली, “काट.” मी काटलं. महिनाभरात माझ्या लिखाणावर ती तेवढं एकच बोलली होती, आणि तो शब्द मी पेन थांबवून मनात पुन्हा ऐकला.

पत्रकं छापून आणली त्या दिवशी ती आपणहून चष्मा घेऊन निघाली. मी तिच्यासाठी एक पत्रक वेगळं काढलं आणि कोणी बघत नाही असं पाहून त्याचा वरचा उजवा कोपरा दुमडला. तिला बोटाला लागेल, कळेल, कोणाला दिसणार नाही, असा माझा विचार. टाकीजवळ पंधरा-वीस बायका होत्या. मी पत्रक तिच्या हातात दिलं. तिचा अंगठा कोपऱ्यावर गेला.

“हे काहून मोडलं वो?” तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

मी हळूच म्हटलं, “काही नाई.”

“काही नाई त मोडलं कायले?”

बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांतल्या बहुतेकींनी फोनवर तो लेख ऐकलेला होता. एक जण पदर तोंडाला लावून हसलीही.

“वरची बाजू हाय ती, मोठीमाय,” मी म्हटलं.

“असं तोंडानं सांगत जाव,” ती म्हणाली. तिने कोपरा उलगडला, हंड्याच्या काठावर कागद ठेवून तळव्याने सपाट केला, चष्मा लावला आणि सुरुवात केली.

मी तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. अक्षरं सुलटी होती. तिचं बोट पहिल्या ओळीवरून दुसरीवर गेलं, दुसरीवरून तिसरीवर. मी कागदावरची नजर शेवटच्या ओळीपर्यंत हलवली नाही. त्यामुळे पत्रक मीच लिहिलेलं असूनही ती त्या दिवशी काय वाचत होती, ते मी ऐकलंच नाही.